पूर्वजांच्या गावाची वाट

२०१९ सालच्या डिसेंबरअखेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात, वराड नावाच्या गावी एक पाहुणे येऊन गेले. आयर्लंड देशाचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर ते हेच. त्यांचा जन्म १९७९ साली डब्लिन शहरी झाला. मातोश्री आयर्लंडच्याच, आणि वडील मुंबईहून विलायतेस गेलेले डॉक्टर. वराड हे त्यांच्या वाडवडिलांचे गाव. आईवडील व बहिणींचा परिवार, अशा तीन पिढ्या बरोबर घेऊन ते तेथे आले होते. दौरा सरकारी नव्हता, घरगुती होता.

या गोष्टीविषयी वर्गात बोलणे निघाले असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, ज्या गावी ते जन्मले नाहीत, वाढले नाहीत, तेथे त्यांचे पाहण्यासारखे होते तरी काय?" प्रश्न सरळ होता, पण घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते उत्तर येथे पुरे करावे असा आमचा विचार आहे. मौज अशी, की हे उत्तर शोधावयाचे तर त्या पाहुण्यांच्या जन्मदेशाकडेच वळावे लागते. कारण नातवापणतवांनी सातासमुद्रांपलीकडून येऊन आजोबापणजोबांचे गाव शोधीत फिरावे, हा प्रकार आयर्लंडमध्ये जितका रूढ आहे तितका क्वचितच अन्य कोठे असेल.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेस असलेले, सुमारे चौऱ्याऐंशी हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हिरवेगार बेट. त्यातील बत्तीस परगण्यांपैकी सव्वीस परगण्यांचे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे, आणि ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनच्या राज्यात मोडतात. १८४१ सालच्या शिरगणतीत या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसे मोजली गेली होती. आज दोन्ही भाग मिळूनही ही संख्या सुमारे सत्तर लाखांवरच आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत जगातील बहुतेक देशांची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली असता या बेटाची मात्र अजून पूर्वीच्या आकड्यासही पोहोचलेली नाही. याउलट एकट्या अमेरिकेत आपले कूळ आयरिश असल्याचे सांगणारे लोक तीन कोटींहून अधिक आहेत. घरात थोडे आणि घराबाहेर फार, असे हे विलक्षण कुटुंब आहे.

हे असे का झाले? आयर्लंडमधून देशांतर करणे तसे जुनेच होते. अठराव्या शतकात उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून प्रॉटेस्टंट पंथाची पुष्कळ कुटुंबे अमेरिकेत जाऊन वसली. १७९१ सालापासून आयरिश कैद्यांची जहाजे ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागली. परंतु ज्या आपत्तीने या देशाची घडीच मोडली, ती आली १८४५ साली, आणि ती आली बटाट्याच्या पानांवरून.

त्या काळी आयर्लंडमधील बहुतेक जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती, आणि पुष्कळसे जमीनदार इंग्लंडमध्येच राहत. कुळाच्या वाट्याला येई तो जमिनीचा लहानसा तुकडा. त्यावर पिकलेले धान्य खंडापायी जाई. थोड्या जागेत साऱ्या कुटुंबाचे पोट भरील असे पीक एकच होते, ते म्हणजे बटाटा. लाखो गरिबांच्या ताटात सकाळ-संध्याकाळ त्यावाचून दुसरे काही नसे. अशा स्थितीत १८४५ च्या शरदऋतूत बटाट्यावर करपा पडला. पाने काळी पडत, आणि जमिनीतले कंद कुजून त्यांची दुर्गंधी सुटे. १८४६ साली जवळजवळ सगळे पीक बुडाले. देशात धान्य नव्हते असे नाही. ते बंदरांतून इंग्लंडकडे जातच होते. पण उपाशी माणसाच्या हाती ते विकत घेण्यास पैसा नव्हता. १८४७ साली सरकारने सार्वजनिक अन्नछत्रे उघडली, आणि एका वेळी सुमारे तीस लाख लोक रोज त्यांवर जगत होते. ती मात्र काही महिन्यांतच बंद झाली. त्याच वर्षी असा नियम झाला, की ज्याच्या ताब्यात पाव एकराहून अधिक जमीन असेल त्यास सरकारी मदत मिळू नये. म्हणजे बापाने जमीन सोडावी, नाहीतर मुलांनी उपाशी राहावे. अनेकांनी जमीन सोडली. खंड थकलेल्या कुळांची घरे जमीनदारांच्या माणसांनी पाडली. या काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या दुष्काळासाठी परदेशांतून जी मदत गेली, तिच्यातील पहिल्या मोठ्या देणग्यांपैकी एक १८४६ साली आपल्या देशातून, कलकत्त्याहून गेली होती.

जाणाऱ्यांची वाटही सोपी नव्हती. दाटीवाटीने भरलेल्या जहाजांत ताप पसरे. अशा जहाजांना लोक 'तरंगत्या शवपेट्या' म्हणत. कॅनडातील क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या बेटावर एकट्या १८४७ साली पाच हजारांहून अधिक माणसांस मूठमाती देण्यात आली. तेथे १९०९ साली उभारलेला उंच दगडी क्रूस आजही आहे. दुष्काळ संपला तरी देशांतर थांबले नाही. पुढे शंभर वर्षे ते चालूच राहिले. कॉर्क परगण्यातील कोव्ह या एका बंदरातून सुमारे पंचवीस लाख माणसे गेली असे मानतात.

या जाण्यात एक रीत होती, ती ऐकली म्हणजे मन गलबलते. घरात कोणी वारले तर रात्रभर जागून मृताची सोबत करावयाची, अशी आयर्लंडमध्ये प्रथा होती. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेस निघाली, की जाण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून तसाच जागर करीत. गाणी होत, नाच होत, आणि पहाटे रडू फुटे. जाणारे माणूस जिवंत असूनही घरच्यांच्या दृष्टीने ते गेलेलेच असे. पुढे येत ती त्याची पत्रे, आणि पत्रांतून येई तो पैसा. त्या पैशावर मागच्यांचा खंड भागे आणि धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा आम्हांस येथे सापडतो. जे स्वखुशीने घर सोडतात ते घर विसरू शकतात. ज्यांना सोडावे लागले, आणि परतण्याची आशा नव्हती, त्यांच्या घरात त्या गावाचे नाव मुलांच्या कानांवर पडतच राहिले. आजी गेली तरी तिने सांगितलेले गाव मागे उरले.

या ओढीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६३ सालचे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचे पणजोबा पॅट्रिक केनेडी हे वेक्सफर्ड परगण्यातील डंगन्सटाउन या खेड्याचे शेतकरी. १८४८ च्या सुमारास न्यू रॉस बंदरातून ते निघाले आणि बोस्टन येथे जाऊन मजुरी करू लागले. त्यांचा पणतू २७ जून १९६३ रोजी त्याच बंदरावर जगातील एका बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख म्हणून उतरला. तेथील भाषणात त्यांनी विनोदाने म्हटले, की पणजोबा येथून गेले नसते तर आपण आज समोरच्या कारखान्यात कामाला असतो. मग डंगन्सटाउनच्या घरी जाऊन दूरच्या नातलगांसमवेत त्यांनी चहा घेतला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत त्यांची हत्या झाली. त्यामुळे त्या एका दुपारच्या चहाला आयरिश लोकांच्या मनात एखाद्या कुलकथेचे स्थान मिळाले आहे. पुढे १९८४ साली अध्यक्ष रेगन बॅलिपोरीन या गावी गेले, २०११ साली अध्यक्ष ओबामा मनीगॉल या गावी, आणि २०२३ साली अध्यक्ष बायडन लाउथ व मेयो परगण्यांत. ओबामांचा आयरिश पूर्वज हा त्यांच्या आईच्या कुळातील. तो १८५० साली अमेरिकेस गेला, आणि त्याच्या घराण्याचा माग चर्चच्या जुन्या नोंदवहीत लागला. हे आईकडचे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहो.

राष्ट्राध्यक्षांचा माग काढण्यास विद्वान मंडळी असतात. पण सामान्य शिक्षकाने, गवंड्याने, परिचारिकेने आपले गाव शोधावयाचे कसे? येथे आयरिश आडनावाची अडचण उभी राहते. त्या आडनावांच्या आरंभी पुष्कळदा 'ओ' किंवा 'मॅक' असते. 'मॅक' म्हणजे पुत्र, आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. म्हणजे हे आडनाव माणूस कोणाचा ते सांगते, कोठला ते सांगत नाही. एकाच आडनावाची माणसे हजारोंनी असतात. म्हणून शोध घेणाऱ्यास 'टाउनलँड'चे नाव ठाऊक असावे लागते. टाउनलँड म्हणजे आपल्याकडील वाडीसारखा जमिनीचा सर्वांत लहान भाग. असे साठ हजारांहून अधिक भाग त्या बेटावर आहेत. त्यांची मूळ आयरिश नावे नकाशे करणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाने लिहून काढली. त्यामुळे आजीच्या तोंडचे नाव आणि नकाशातील नाव जुळतेच असे नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमाळीत, डब्लिनमधील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटाने व आगीने नष्ट झाला. सुमारे सात शतकांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार शिरगणतींचे जवळजवळ सर्व तक्ते त्यात गेले. त्यानंतरच्या चार शिरगणतींचे कागद तर त्यापूर्वीच सरकारी हुकुमानेच नाहीसे करण्यात आले होते. म्हणून संपूर्ण अशी सर्वांत जुनी शिरगणती १९०१ सालची, आणि तिच्या मागोमाग १९११ सालची. त्यामागील काळासाठी इतर साधनांचा आधार घ्यावा लागतो. १८४७ ते १८६४ या काळात कर बसविण्यासाठी घरोघर, शेतोशेत जी मोजणी झाली तिची पुस्तके आहेत. १८६४ पासूनची सर्वांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंद आहे. आणि कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्यांच्या वह्या आहेत. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली या वह्यांची छायाचित्रे जगातील कोणासही घरबसल्या विनामूल्य पाहता येतील अशी सोय केली. जळालेल्या दप्तरखान्यातील कागदांच्या ज्या नकला जगभर इतरत्र सापडल्या, त्या एकत्र करून २०२२ साली, म्हणजे आगीला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्याचे काम लोकांपुढे आले. जे राखेत गेले ते सगळे परत येणार नाही, पण काही आले.

शोधात चूकही होते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नवे प्रवेशस्थान उघडले, तेव्हा तेथून अमेरिकेत आलेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्कची ॲनी मूर नावाची मुलगी. दोन धाकट्या भावांना सांभाळीत ती आईबापांकडे चालली होती. कोव्ह आणि एलिस बेट या दोन्ही ठिकाणी तिचे पुतळे आहेत. कित्येक वर्षे असे सांगितले जाई, की ही ॲनी पुढे पश्चिमेकडे टेक्सासमध्ये गेली. २००६ साली कागदपत्रे नीट पाहिली तेव्हा असे निष्पन्न झाले, की टेक्सासची ॲनी मूर ही नावसाधर्म्याची निराळीच स्त्री. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच संसार करून १९२४ साली वारली, आणि तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो २००८ साली बसविण्यात आला. जिचे पुतळे उभे राहिले तिचे थडगे निनावी, आणि तिच्या नावाची कीर्ती मात्र भलतीकडे! पूर्वजांवरील प्रेम खरे असले तरी कागद तपासल्यावाचून ते प्रेम खऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हा बोध आम्ही यातून घेतो.

बरे, इतके करून गावी पोहोचल्यावर दिसते काय? पुष्कळदा काहीच नाही. एखादी छप्पर नसलेली दगडी भिंत, एखादे गवताळ रान. पश्चिमेकडील ॲकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस पडलेल्या घरांची एक लांबच लांब रांग आहे. त्या बाजूच्या अनेक डोंगरउतारांवर जुन्या बटाट्याच्या शेतांचे वरंबे गवताखालून अजूनही स्पष्ट दिसतात. तिरपे ऊन पडले म्हणजे ते हाताच्या बोटांसारखे उठून येतात. कागदावर ज्यांची नावे नाहीत त्या माणसांनी आपल्या हातांनी केलेली ती नोंद होय. ती पाहून पणतू किंवा पणती उगीच तेथे उभी राहते, चिमूटभर माती किंवा एखादा खडा बरोबर घेते, आणि परत जाते.

येथे मागे राहिलेल्यांची बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्याच्या मनातील आयर्लंड १८५० सालचे असते, गवती छपराच्या झोपडीचे. प्रत्यक्षातला आयर्लंड आज औषधांचे व संगणकांचे उद्योग चालविणारा संपन्न देश आहे. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे प्रजासत्ताकातील पाच माणसांमागे एक परदेशात जन्मलेले आहे. ज्या बेटावरून माणसे जात, तेथे आता जगातून माणसे येतात, आणि त्यांत आपल्याकडील परिचारिका व अभियंतेही आहेत. पाहुण्यांच्या भोळ्या भावुकतेची तेथील लोक थट्टाही करतात. तरी दार बंद करीत नाहीत. १९९० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या मेरी रॉबिन्सन यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत दूरदेशी गेलेल्या सर्वांच्या आठवणीसाठी एक दिवा ठेवला. १९९८ सालच्या लोकमतानंतर देशाच्या घटनेतच असा भाव नमूद झाला, की परदेशी राहणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांशी असलेले नाते राष्ट्र जपते. ज्याचे आजोबा किंवा आजी त्या बेटावर जन्मली, त्यास रीतसर नोंद करून नागरिकत्वही मिळू शकते. २०१३ साली वर्षभर ठिकठिकाणी कुळांचे व गावांचे मेळावे भरविण्यात आले. यात पर्यटनाच्या उत्पन्नाचा हेतू होता हे खरे, आणि ते कोणी लपविलेही नाही. परंतु ओढच नसती तर तिच्यावर व्यापार तरी कसा चालला असता?

आता वराडकडे परत येऊ. आयरिश माणसाचे आडनाव 'कोणाचा' ते सांगते. आपले 'कर'युक्त आडनाव 'कोठला' ते सांगते. डब्लिनमध्ये जन्मलेल्या त्या पंतप्रधानांना पूर्वजांचे गाव कोठल्याही दप्तरखान्यात शोधावे लागले नाही. ते त्यांच्या सहीतच होते. आमच्या शाळेच्या हजेरीपटावरही अशी नावे कमी नाहीत. लोटलीकर, कुंकळ्येकर, मडगावकर ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अन्यत्र राहिली तरी नाव उच्चारताच गोव्यातील गाव उभे राहते. पोर्तुगीज अमलाच्या आरंभी देव घेऊन निघालेल्या लोकांची गोष्टही आपल्याला परकी नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि कारवार-मंगळूरकडे गेलेल्यांचे वंशज आजही त्यांच्या दर्शनाला येतात. त्यांना कोणी "तेथे तुमचे काय आहे?" असे विचारीत नाही.

परंतु याचा फार अभिमान वाहण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या आयरिश चर्चच्या वह्यांत मुलाच्या नावापुढे बापाचे नाव असते, आणि बहुधा आईचे माहेरचे आडनावही असते. त्यामुळे तेथील माणूस आईच्या, आजीच्या, पणजीच्या कुळापर्यंतही जाऊन पोहोचतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलले, आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले, की तिचे माहेर एका पिढीत धूसर होते आणि दुसरीत नाहीसे होते. आम्ही त्या दिवशी वर्गात उलट प्रश्न केला होता: "पणजोबांचे गाव कोणाकोणाला ठाऊक आहे?" बरेच हात वर झाले. "पणजीच्या माहेरचे?" एकही हात वर झाला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आमचाही झाला नसता. आपले अर्धे दप्तर आगीवाचूनच गेले आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. त्या गावी पाहण्यासारखे बहुधा काही नसते. पण ज्यांच्या जाण्यामुळे आपण आहो, ते कोठून निघाले आणि का निघाले, हे त्या जागी उभे राहिल्यावर जसे कळते तसे पुस्तकात कळत नाही. त्या वाटेची सुरुवात मात्र आगबोटीच्या किंवा विमानाच्या तिकिटापासून होत नाही. ती घरातील वृद्ध माणसाजवळ बसण्यापासून होते. येत्या सुट्टीत आजीजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेरचे नाव, तिचे गाव, वाडी, तिच्या आईचे नाव, आणि ती कोणत्या साली कोठून कोठे आली, इतके लिहून घ्या. आम्हीही यंदा तेच करणार आहो. सांगणारी आहे तोवर विचारून घ्यावे. डब्लिनच्या दप्तरखान्यातील कागदांच्या नकला तरी कोठे कोठे सापडल्या. आजीच्या आठवणींची नकल दुसरीकडे कोठेही ठेवलेली नसते.